आडनावातलं गाव

रायगड जिल्ह्याचा भूगोल पाठ करायचा असेल तर बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, आडनावं म्हणावीत, असं मी वर्गात मुलांना गमतीनं सांगत असे. किहीमकर, नवगावकर, झिराडकर, पेझारकर, पेणकर, वाकृळकर, रोहेकर, अष्टमकर, घोसाळकर, चेऊलकर, दिवेकर. अशी शंभराहून अधिक आडनावं मोजली गेली आहेत आणि बहुतेकांमागे एखादं गाव उभं आहे. पण किहीमला उतरून किहीमकरांचं घर विचारलं, तर दाखवायला कुणाकडे घर नसतं. आडनाव आता इस्रायलमध्ये लोद, रामले, बीरशेबा, दिमोना, अश्दोद इथल्या दारांवर लागलेलं आहे. गाव मात्र जागच्या जागी आहे. त्या दोघांची गाठ पडतेच, तर ती गावाबाहेर, गडगा ढासळलेल्या, घाणेरीनं भरलेल्या एखाद्या तुकड्यावर. गावात त्याला ‘इस्रायलांचं कबरस्तान’ म्हणतात. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून ‘शनवार तेल्यांचं’ असंही येतं, कारण तेलाचा घाणा चालवणारी ही मंडळी तो शनिवारी बंद ठेवत.

दर हिवाळ्यात तिथं कुणीतरी येतं. हातात मोबाइल, मोबाइलवर आजोबांच्या जुन्या फोटोचा फोटो आणि एका कागदावर रोमन लिपीत लिहिलेलं गावाचं नाव. ते नाव मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय कोणतं गाव ते कळत नाही. अशा पाहुण्यांना वाट दाखवता दाखवता मी या कामात ओढला गेलो. मी त्या समाजाचा नव्हे, इतिहासाचा पदवीधरही नव्हे. शाळेत भूगोल शिकवायचो आणि घर कबरस्तानाच्या वाटेवर होतं, एवढीच माझी पात्रता. पाहुणे तेच तेच प्रश्न विचारत आणि मी तीच तीच उत्तरं देई. त्यातली निम्मी चुकीची होती, हे पुढे कळलं. हे पुस्तक त्या चुका दुरुस्त करताना तयार झालं.

आपल्याकडे पूर्वज शोधायच्या वाटा ठरलेल्या आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, गया, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. आजोबा कोणत्या साली, कुणाला घेऊन आले, कुणाचं श्राद्ध केलं, हे तिथं सहीनिशी सापडतं. हरिद्वारच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म काढायला अमेरिकेतल्या युटामधले वंशावळीवाले येऊन गेले, इतकं त्यांचं महत्त्व. कोल्हापूर-सांगलीपासून खाली कर्नाटकापर्यंत हेळवी आहेत. ते दारात येऊन तुमच्या घराण्याच्या पिढ्या तुम्हालाच म्हणून दाखवतात. शिवाय कुलवृत्तांत आहेत. कुणाच्या आतेमामेभावाची मुंज कुठं झाली इथपर्यंतचा तपशील त्यांत छापलेला असतो. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. लिहून ठेवणारा माणूस होता आणि त्याला दक्षिणा, धान्य किंवा वर्गणी मिळत होती. ज्यांचा कुणी पंडा नव्हता, हेळवी नव्हता, ज्यांना कुलवृत्तांत छापायचं सुचलं नाही, त्यांनी कुठं जायचं? दहन करणाऱ्यांच्या बाबतीत या प्रश्नाला फार वेळा उत्तरच नसतं. जे समाज पुरतात, त्यांच्याकडे निदान जागा शिल्लक राहते. मुसलमान, ख्रिस्ती, लिंगायत, नाथपंथी गोसावी, ज्यू या सगळ्यांच्या जमिनीत काही ना काही खूण आहे. ती वाचायची कशी, एवढाच प्रश्न उरतो.

हिंदुस्थानात थडगी वाचायचा उद्योग इंग्रजांनी स्वतःच्या थडग्यांपासून सुरू केला. १८४८ साली कलकत्त्यात ‘बेंगॉल ऑबिच्युअरी’ नावाचा जाडजूड ग्रंथ निघाला. १९०५ मध्ये ज्यूलियन जेम्स कॉटननं मद्रास इलाख्यातल्या थडग्यांवरच्या लेखांची यादी छापली. कॉटन सनदी अधिकारी होता आणि त्याची यादी चांगली आहे. लेखाखाली तो मृताची हकिकतही देतो. पण या यादीकारांचं लक्ष ‘ऐतिहासिक महत्त्वाच्या’ माणसांवर होतं आणि महत्त्वाचा कोण हे पदावरून ठरत होतं. साहेबाच्या तान्ह्या मुलाचं थडगं यादीत येई, त्याला सांभाळणारी आया येत नसे. स्वातंत्र्यानंतर हे काम सरकारी राहिलं नाही, वंशजांचं झालं. १९७६ मध्ये थिऑन विल्किन्सन यांनी ‘टू मॉन्सून्स’ हे पुस्तक लिहिलं आणि त्याच वर्षी दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींसाठी ‘बॅक्सा’ ही संस्था लंडनमध्ये उभी राहिली. पुढे १९९८ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा इतिहास शोधणारी ‘फिबिस’ ही संस्था आली. तिचा भर थडग्यांपेक्षा कागदांवर आहे. इंग्रजांचं एक बरं होतं, त्यांचा दगड झिजला तरी कागद शाबूत राहतो. ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी ‘एन/३’ या खुणेखाली एकत्र लावलेल्या आहेत. शिवडीच्या दफनभूमीतली पाटी फुटली, तर त्या नोंदीतून ती परत जुळवता येते.

यादी करणाऱ्यांच्या या परंपरेच्या शेजारी दुसरी एक परंपरा वाढली, आणि मला ती जास्त जवळची वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंड, लिथुआनिया, युक्रेनमधल्या ज्यूंची गावंच्या गावं उरली नाहीत. न्यूयॉर्क, ब्युनोस आयर्स, तेल अवीव इथं पोचलेल्या गावकऱ्यांनी एकत्र येऊन आपापल्या गावाचे स्मरणग्रंथ लिहिले. बाजार कुठं भरायचा, बेकरी कुणाची, शाळेतला मास्तर कसा मारायचा, हे सगळं त्यात आहे. शेवटी मेलेल्यांची यादी. अशी शेकडो पुस्तकं निघाली. इतिहासकारांना ती भाबडी वाटत असत. आज त्यांच्याशिवाय त्या प्रदेशाचा इतिहास लिहिता येत नाही. आता जगभरच्या ज्यू दफनभूमींतले लेख ‘ज्यूइशजेन’ या ज्यू वंशावळींच्या संकेतस्थळाच्या सूचीत एकत्र होत आहेत आणि ‘फाइंड अ ग्रेव्ह’सारख्या ठिकाणी कुणीही फोटो चढवू शकतं. त्यातही घोटाळे असतातच. एकानं चुकीचं वाचलेलं नाव शंभर वंशवृक्षांत उतरतं आणि मग मूळ दगडालाच खोटं ठरवलं जातं.

तिसरी मंडळी जनुकांची चाचणी करणारी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेने इस्रायलांच्या जनुकांत ज्यू आणि भारतीय दोन्ही वारसे दिसले. कोकणातल्या कुणालाही त्यात नवल वाटू नये. पण चाचणी समाजाबद्दल बोलते. आजीचं नाव काय, ती कोणत्या विहिरीचं पाणी भरायची, हे चाचणीला सांगता येत नाही. माझा तिच्यावर राग नाही. फक्त पहिली पायरी तीच आहे असं समजून लोक पैसे भरतात आणि घरातल्या जुन्या प्रार्थनापुस्तकाची मागची पानं उलटून पाहत नाहीत, याचं वाईट वाटतं. लग्नं, जन्म, मृत्यू त्या कोऱ्या पानांवर लिहायची पद्धत कित्येक घरांत होती.

कोकणच्या बाबतीत या विषयाचा पाया एका माणसानं घातला. हाईम सॅम्युएल किहीमकर. १८७५ मध्ये मुंबईत आपल्या समाजासाठी शाळा काढणारे हे गृहस्थ. त्यांनी १८९७ मध्ये बेने इस्रायलांचा इतिहास लिहून पुरा केला. ते पुस्तक छापून निघालं १९३७ साली, तेल अवीवला, लेखकाच्या मृत्यूनंतर! चाळीस वर्षं हस्तलिखित पडून होतं, तेवढ्यात त्यात वर्णन केलेली कित्येक गावं रिकामी व्हायला लागली होती. त्याआधी १८८३ च्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या समाजावर मजकूर आला. पुढे बी. जे. इझ्राएल यांनी घरातला माणूस असूनही घरच्या दंतकथांना प्रश्न विचारले. शिफ्रा स्ट्रिझोवर, जोन रोलंड, शाल्व्हा वाइल या अभ्यासकांनी मुंबईतली नाती, ब्रिटिश काळातलं राजकारण आणि इस्रायलमधलं स्थलांतर यांवर लिहिलं. हे सगळं लेखन मोलाचं आहे. बहुतेक इंग्रजीत आहे आणि बहुतेक मुंबईपासून सुरू होतं. गावच्या कबरीपाशी थांबून लिहिलेलं फार थोडं आहे.

दंतकथेबद्दल इथंच सांगून टाकतो. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली आणि ती नवगावला पुरली. तिथं आज स्मारक आहे आणि जगभरातून माणसं येऊन डोकं टेकतात. किहीमकरांनी या घटनेला इसवीसनापूर्वीचं दुसरं शतक दिलं, इतरांनी तिला हजारभर वर्षं अलीकडे आणलं. लेखी उल्लेख पाहायला गेलं तर १७३८ सालच्या एका मिशनऱ्याच्या पत्राच्या फार मागे जाता येत नाही. समुद्रातून आलेल्या चौदा प्रेतांना परशुरामानं जिवंत केल्याची चित्पावनांची कथाही याच किनाऱ्याची आहे. चौदाचा आकडा दोन्हीकडे कसा आला यावर भरपूर तर्क लढवले गेले आहेत आणि मला त्यात भर घालायची नाही. केरळात चेंदमंगलमला सारा नावाच्या ज्यू बाईचा १२६९ सालचा हिब्रू स्मृतिलेख आहे. कोकणात त्याच्या आसपास जाणारं काही वाचायला मिळत नाही. दोन हजार वर्षं मागे जायचं असेल, तर हे पुस्तक उपयोगाचं नाही. चार ते सहा पिढ्या मागे नेण्याचा प्रयत्न ते करतं.

आता दगडाकडे येऊ. जुन्या कबरी मुक्या आहेत. काळ्या दगडांची रास, कडेला चार धोंडे, वर चुन्याचा थर असलाच तर असला. त्यावर काही लिहिलेलं नाही, कारण हिब्रू लिहिता येणारं गावात कुणी नव्हतं. प्रार्थनेतली मोजकी वाक्यं तोंडपाठ होती, शनिवारी घाणा बंद ठेवला जाई, मुलांची सुंता होई आणि एलियाहू हनबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा होई. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले. जॉन विल्सन या मिशनऱ्यानं १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. मिशनऱ्यांचा हेतू वेगळा होता, हिब्रू मात्र रुजली. १८७४ मध्ये पुण्याला वल्हांडणाच्या सणाला वाचायचं ‘हग्गादा’ हे पुस्तक मराठी भाषांतरासह, चित्रांसह निघालं. जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. १८८० च्या सुमारास तर बायबलमधल्या पुरुषांवर मराठी कीर्तनं होऊ लागली. कबरस्तानातल्या लेखांचा क्रम याच्याशी जुळतो. मुके धोंडे, मग हिब्रू, मग हिब्रूखाली मराठी, मग मराठीखाली इंग्रजी, आणि शेवटी काही ठिकाणी नुसती इंग्रजी. एका कुटुंबाच्या तीन कबरी शेजारी उभ्या केल्या, तर मुलाची नोकरी रेल्वेत लागली कधी हेही कळू शकतं.

हिब्रू लेखाचा मोठा फायदा असा की त्यात बापाचं नाव येतं. ‘बेन’ म्हणजे मुलगा, ‘बात’ म्हणजे मुलगी. मराठी पाटीवर बाई नवऱ्याच्या नावानं ओळखली जाते. तिच्यावर हिब्रू ओळ असली, तर तिथं ती बापाच्या नावानं भेटते आणि माहेर सापडतं. बायकांचा माग काढताना मला इतर कुठल्याही कागदापेक्षा या एका शब्दाचा उपयोग झाला.

नावांची मात्र फसगत ठरलेली. दप्तरात ‘हसाजी’ आहे, दगडावर एझेकिएल आहे, माणूस एकच. सॅम्युएलचा सामाजी होतो, अब्राहामचा आबाजी, आयझॅकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर हेच सामाजी हसाजी दिवेकर. टिपूच्या कैदेतून सुटलो तर प्रार्थनागृह बांधीन असा त्यांचा नवस होता, असं सांगतात. त्या सिनेगॉगला लोक मशीद म्हणत, आणि लोकलचं मस्जिद स्टेशन त्याच्याच नावानं आहे असं सांगतात. रोज लाखो माणसं ते नाव ऐकतात, हे सांगितल्यावर पाहुण्यांचे डोळे भरून येतात आणि मुंबईकर म्हणतात, ‘काय सांगताय!’

सालाचा हिशेब ज्यांना येत नाही त्यांनी घाबरू नये. हिब्रू अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. ताव ४००, रेश २००, नून ५०, बेत २. बेरीज ६५२. हजाराचा आकडा लिहायचा नाही असा रिवाज आहे, म्हणजे साल ५६५२. ६५२ मध्ये १२४० मिळवले की १८९२ येतं. ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांतला मृत्यू असेल तर १८९१ धरायचं. इथपर्यंत सोपं आहे. अडचण शेवाळाची. ‘हे’ या अक्षरात डाव्या पायाच्या वर एक बारीक फट असते. ती शेवाळानं भरली की ‘हेत’ वाचलं जातं, आणि पाचाचे आठ होतात. माणूस तीन वर्षं उशिरा मरतो! ‘बेत’ आणि ‘काफ’ यांची गल्लत झाली तर दोनाचे वीस होतात, आणि आजोबा बापाच्या लग्नात जेवायला बसलेले दिसतात. माझ्या जुन्या वहीत अशी दोन लग्नं आहेत.

दुसरी एक खूण. जगभरच्या ज्यू दफनभूमींत काही थडग्यांवर आशीर्वाद देणारे दोन हात कोरलेले असतात. तो कोहेन म्हणजे पुरोहित घराण्याचा माणूस. बेने इस्रायलांत कोहेन आणि लेवी ही विभागणी परंपरेनं नाही. तेव्हा कोकणात असे हात दिसले, तर तो कोचीनचा, बगदादी किंवा आणखी कुठून आलेला असावा, हा पहिला तर्क करावा.

बगदाद्यांचा, म्हणजे बगदादकडून आलेल्या ज्यूंचा, विषय निघालाच आहे. त्यांच्यातल्या डेव्हिड ससून या व्यापाऱ्याचं थडगं पुण्याच्या लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या सिनेगॉगच्या, आवारात आहे, ससूनांच्या खानदानाचं वैभव मुंबईत चिंचपोकळीच्या दफनभूमीत दिसतं. ही मंडळी श्रीमंत होती, त्यांना भाऊबंद हवे होते आणि नकोही होते. १८३६ मध्ये मुंबईच्या ज्यू दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्रायलांच्या मधे भिंत घालून द्यावी, असा अर्ज बगदादी पुढाऱ्यांनी सरकारकडे केला होता. बेने इस्रायलांच्या स्वतःच्या घरातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता आणि लग्नं त्यानुसार ठरत. पुढे १९६० च्या दशकात इस्रायलमध्ये बेने इस्रायलांशी लग्न लावायला काही रब्बींनी हरकत घेतली, तेव्हा तो अपमान सहन करून, धरणं धरून त्यांनी १९६४ मध्ये आपली मान्यता मिळवली. कोण कुणाशेजारी पुरलं आहे हे टिपायला मी म्हणूनच सांगतो. नकाशा न काढता नुसती नावं उतरवून आणणारे निम्मा इतिहास तिथंच ठेवून येतात.

आणि काही कबरी इथं नाहीतच. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत बेने इस्रायल मोठ्या संख्येनं होते, सुभेदार, सुभेदार-मेजर झाले. नंतर टपाल, रेल्वे, गोदी, दवाखाने. नोकरी नेईल तिकडे माणूस गेला. सिनेगॉग बांधणारे दिवेकर १७९७ मध्ये कोचीनला वारले आणि तिथंच पुरले गेले. कराचीत १८९३ मध्ये सिनेगॉग उभं राहिलं, १९८८ मध्ये पाडलं गेलं. मेवाशाह कबरस्तानातला ज्यू भाग मात्र आहे. एडनलाही हा समाज पोचला होता. पेणच्या माणसाची कबर पेणला नाही म्हणून त्याचा माग संपला असं समजू नये.

ज्याला दगड नाही त्याचं काय? त्याच्यासाठी कागद, आणि कागद नसेल तर शेजार. गाव नमुना चौदा, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात जन्ममृत्यू आहेत आणि जातीचा रकाना आहे. २०२३ पासून मराठा आरक्षणासाठीच्या कुणबी नोंदींच्या शोधासाठी हीच दप्तरं राज्यभर उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला आणि वाळवी लागलेले रुमाल स्कॅन झाले. वंशावळीचा कागद हा किती मोठ्या राजकारणाचा विषय होऊ शकतो, हे त्या वर्षी सगळ्यांना समजलं. आपल्या विषयाला त्याचा आपोआप फायदा झाला. त्या रकान्यात शोधताना मात्र ‘इस्राएल’, ‘बनी इस्राएल’, ‘यहुदी’, ‘शनवार तेली’ आणि नुसतं ‘तेली’ अशी सगळी रूपं पाहावी लागतात. जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात, त्यांचं दप्तर निराळं. हे ठाऊक नसल्यानं इस्रायलहून आलेला एक पाहुणा चार दिवस चुकीच्या तालुक्यात फिरला. एका कार्यालयात आम्हाला ‘अशी कुठली जागा इथं नाही’ असं सांगण्यात आलं, आणि त्या टेबलामागच्या खिडकीतून कबरस्तानाचा गडगा दिसत होता. सातबारावर ती नोंद होती. वाचणाऱ्यानं चष्मा काढून ठेवला होता, एवढंच.

शेजाराची गोष्ट याहून महत्त्वाची. एका गावात मी अक्षर नसलेल्या एका कबरीपाशी बराच वेळ घालवला. मापं घेतली, दिशा लिहिली, काही हाती लागेना. बाजूला गवत कापणाऱ्या एका आगरी आजीनं वर न बघताच सांगितलं, ‘ती मास्तराची. माझ्या आईला त्यानं लिवायला शिकवलेलं.’ मग घाणा कुठं होता, शुक्रवारी सांजच्याला कोणत्या घरात दिवे लवकर लागत, निघताना त्यांनी म्हैस कुणाला देऊन टाकली, हे सगळं तिनं सांगितलं. त्या घराण्याची माणसं अश्दोदला आहेत. त्यांच्याकडे मास्तरांचा फोटो होता, कबर ठाऊक नव्हती. दोघांना जोडणारा धागा एका शेजारणीच्या तोंडात पन्नास-साठ वर्षं पडून होता.

म्हणून ‘नामशेष समाज’ हा शब्द मला पटत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वीसेक हजार बेने इस्रायल होते, आज चार-पाच हजार असतील. बहुतेक मुंबई-ठाण्यात. अलिबागच्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग आहे, रेवदंड्याचं आहे, पनवेलचं आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं. माणसं नाहीशी झाली नाहीत, उठून गेली. मेलेली तेवढी मागे राहिली आणि त्यांची राखण आपसूक गावाकडे आली. गावानं ती कधी मागितली नव्हती. काही गावांनी ती निभावली आहे. काही ठिकाणी गुरं चरतात, काही ठिकाणी कंपाउंड पुढे सरकलं आहे.

घाई करायचं कारण हेच. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून गाड्या बोटीतून उतरतात, २०२४ पासून अटल सेतू आहे, आणि अलिबाग तालुक्यात बिनमालकाची दिसणारी गुंठाभर जागासुद्धा कुणाच्या तरी नजरेत असते. दुसरीकडे, मराठी बोलत मोठी झालेली आणि आईबापांच्या गावाचं नाव नीट उच्चारणारी पिढी इस्रायलमध्ये आता ऐंशीच्या पुढे आहे. त्यांची नातवंडं हिब्रू लेख सहज वाचतात, त्याखालची मराठी ओळ त्यांना वाचता येत नाही. इकडच्या मुलांचं नेमकं उलटं आहे. एका दगडापुढे दोघांना शेजारी उभं केलं तरच तो पुरता वाचून होतो.

या पुस्तकात काय नाही ते सांगायला हवं. जिल्ह्यातल्या सगळ्या ज्यू कबरींची यादी यात नाही. ती एका माणसाच्यानं होणार नाही. हयात माणसांची नावं नाहीत, घराण्यांच्या भानगडी नाहीत आणि प्राचीन उगमाचा निकाल नाही. आहे ती पद्धत. एका गावापासून सुरुवात कशी करायची, दगड, दप्तर आणि शेजार यांची साक्ष एकमेकांवर कशी तपासायची, आणि तिन्हींचं जमलं नाही तर वहीत प्रश्नचिन्ह कसं टाकायचं. उदाहरणं बेने इस्रायलांची आहेत. सुरतेच्या डच-आर्मेनियन थडग्यांना किंवा तुमच्या गावच्या गोसाव्यांच्या समाध्यांना ती लागू पडतात की नाही, ते तुम्ही लावून पाहा. पहिला भाग वाचून थेट कबरस्तानात गेलात तरी चालेल. हिब्रू अक्षरांचा तक्ता मात्र बरोबर न्या.

जाताना एवढं करा. पावसाळ्यात जाऊ नका, गवत छातीपर्यंत असतं आणि साप असतात. दिवाळीनंतर जा. गावात आधी सांगून जा. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, खडू, पीठ, यातलं काही दगडाला लावू नका. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. सकाळी आठच्या आत किंवा चारनंतर, ऊन तिरपं असताना फोटो काढा, आणि ऊन नसेल तर घरातला आरसा नेऊन बाजूनं कवडसा पाडा. दुपारी बारा वाजता त्या दगडांवर काहीच दिसत नाही.